चेहलोम : इराणमध्ये सरकारला कबरीची धास्ती का वाटते?

ताम्हण

इराणची बातमी आपल्याकडे येते ती बहुतेक वेळा अणुकार्यक्रमाची, नाहीतर हिजाबची. २०२२ सालचं आंदोलनही आपण "हिजाबविरोधी आंदोलन" म्हणून वाचलं आणि पुढच्या बातमीकडे वळलो. गेली काही वर्षं मी त्या देशाबद्दल मिळेल ते वाचतेय, तिकडच्या माणसांशी जमेल तसं बोलतेय. मला राहून राहून वाटतं की एक मोठी गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. तिथे लोक रस्त्यावर कधी येतात हे पुष्कळदा मयताच्या दिवसांवर ठरतं. तिसरा दिवस, सातवा दिवस, चाळीसावा दिवस, मग वर्ष. आपल्याकडे तेराव्याला जसं गाव जेवायला येतं, तसे तिथे चाळीसाव्याला, म्हणजे चेहलोमला, नातेवाईक, शेजारी, ओळखीपाळखीचे कबरीवर जमतात. बोलावणं लागत नाही. म्हणून सभाबंदी असली तरी चेहलोम बंद करणं कुठल्याही सरकारला जड जातं.

महसा अमिनीचंच बघा. घरात तिला जिना म्हणत, ते तिचं कुर्दी नाव. वय २२, गाव इराणच्या पश्चिमेचं सक्केझ. तेहरानला आली असताना १३ सप्टेंबर २०२२ रोजी बायकांचे पोशाख तपासणाऱ्या 'गश्त-ए-इर्शाद'च्या पोलिसांनी तिला ताब्यात घेतलं आणि १६ तारखेला कसरा रुग्णालयात ती गेली. तिला आधीचा आजार होता असं सरकार म्हणालं, घरच्यांनी ते साफ फेटाळलं. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट म्हटलं की कोठडीतल्या मारहाणीमुळेच तिचा मृत्यू झाला.

१७ तारखेला सक्केझच्या आयची कब्रस्तानात दफन झालं. लवकर उरकून टाका, असा घरच्यांवर दबाव होता, तो त्यांनी मानला नाही. तिथेच बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढून हवेत फिरवले आणि "जिन, जियान, आझादी" ही कुर्दी घोषणा दिली. बाई, जगणं, स्वातंत्र्य. म्हणजे ज्याला आपण हिजाबविरोधी आंदोलन म्हणतो त्याची पहिली मोठी सभा म्हणजे एक अंत्ययात्रा होती. तिच्या कबरीवर कुर्दीत लिहिलंय की लाडके जिना, तू मरणार नाहीस, तुझं नाव खूण होईल. पुढे मे २०२३ मध्ये कोणीतरी त्या दगडावरची काच फोडली.

चाळीसावा दिवस आला २६ ऑक्टोबरला. गावाकडचे रस्ते अडवलेले होते. लोक गाड्या सोडून, डांबरी रस्ता सोडून, उघड्या माळावरून कब्रस्तानाकडे चालत निघाले. त्या दिवसाचा एक फोटो जगभर गेला : गाड्यांची आणि माणसांची लांबच लांब रांग, आणि एका गाडीच्या टपावर पाठमोरी उभी असलेली मुलगी, केस मोकळे, हात वर.

आता यातली खरी गोम. हे चेहलोमचं शस्त्र आजच्या राज्यकर्त्यांना नवं नाही, त्यांची सत्ताच त्यातून आली. जानेवारी १९७८ मध्ये, शाह म्हणजे राजाची सत्ता असताना, त्याचे विरोधक धर्मगुरू खोमेनी यांची बदनामी करणारा लेख 'इत्तेलाआत' या वर्तमानपत्रात आला. ९ जानेवारीला कोम शहरात निदर्शनं झाली, शाहाच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. बरोबर चाळीस दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, तबरीझमध्ये कोमच्या मृतांचा चेहलोम होता. तिथे पुन्हा गोळीबार, पुन्हा मृत. त्यांचा चेहलोम मार्चअखेर याझ्द आणि इतर शहरांत. असं चाळीस-चाळीस दिवसांनी आंदोलन पेटत गेलं आणि वर्षभरात शाहाला देश सोडावा लागला. त्या रस्त्यावरून सत्तेत आलेल्या माणसांना कबरीपाशी जमलेल्या गर्दीचा अर्थ नीट कळतो. त्यामुळेच आज ते प्रेत ताब्यात देताना अटी घालतात, रात्री दफन करायला लावतात, दूरच्या गावी पुरतात. १६ वर्षांची निका शाकरमी सप्टेंबर २०२२ मध्ये तेहरानच्या निदर्शनांत बेपत्ता झाली. घरच्यांना तिला खोर्रमाबादला पुरायचं होतं, पण प्रेत परस्पर नेऊन एका खेड्यात पुरलं गेलं.

इझे गावच्या कियान पिरफलकची गोष्ट तर मला विसरता येत नाही. नऊ वर्षांचं पोर. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी आईवडील आणि भावाबरोबर गाडीतून जाताना गोळी लागून गेला, वडील गंभीर जखमी झाले. शवागारात ठेवलं तर सरकार प्रेत पळवेल या भीतीने आईने त्याला घरीच ठेवलं, शेजारपाजारहून बर्फ आणून भोवती लावला. दफनाच्या वेळी ती माऊली भर गर्दीत उभी राहिली आणि म्हणाली, गोळीबार कसा झाला ते माझ्याकडून ऐका, उद्या अतिरेक्यांनी मारलं म्हणतील. सरकार तसंच म्हणालं. कियानचा शाळेसाठी केलेला एक व्हिडिओ होता, स्वतः बनवलेली छोटी होडी दाखवताना तो सुरुवात करतो "इंद्रधनुष्याच्या देवाच्या नावाने". महिनाभरात ते शब्द भिंतींवर लिहिलेले दिसू लागले.

आपलं मत लिहा. कुणी त्या भागात राहिलं असेल, काम केलं असेल, तर जरूर लिहा.

डोंगरीकर

धागा वाचून राहवलं नाही. मी शिया, डोंगरीत वाढलो. इमामवाड्यातली निळ्या टाइल्सची मुघल मशीद, जिला सगळे इराणी मशीदच म्हणतात, घरापासून चालत पाच मिनिटांवर. १८६० साली एका इराणी व्यापाऱ्याने बांधलेली. मोहरममध्ये मातम करत माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानापर्यंत जाणारा जुलूस मी लहानपणापासून पाहिलाय, त्यात चाललोय. त्यामुळे एक भर घालतो.

आमच्याकडे चेहलोम हा मुळात करबलाच्या इमाम हुसैनचा. दरवर्षी होतो. त्यात नुसतं दुःख नसतं. हुसैन मूठभर माणसं घेऊन यझीदच्या फौजेपुढे उभा राहिला, हरला, पण झुकला नाही, ही गोष्ट दर वर्षी नव्याने सांगितली जाते. आता सत्ता स्वतःला हुसैनची वारस म्हणवते. लोकांनी तिलाच यझीद म्हटलं की तिच्यापाशी उत्तर उरत नाही.

२००९ मध्ये हेच झालं. निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून हरित आंदोलन चालू होतं. १९ डिसेंबरला कोममध्ये आयातुल्ला मोंतझेरी वारले. हे एकेकाळी खोमेनींचे नियुक्त वारस होते, पण १९८८ मध्ये तुरुंगांत हजारो राजकीय कैद्यांना फाशी दिली तेव्हा त्यांनी विरोध केला आणि त्यांचं पद गेलं. त्यांचा सातवा आणि आशुरा, म्हणजे हुसैन मारला गेला तो मोहरमचा दहावा दिवस, एकाच दिवशी आले, २७ डिसेंबरला. मोहरमचा काळा पोशाख घातलेली माणसं सरकारविरोधी घोषणा देत होती आणि त्यांच्यावर त्याच पवित्र दिवशी गोळ्या चालल्या. आमच्या मोहल्ल्यात त्या रात्री मोठी माणसं गप्प बसली होती. आशुराला गोळी चालवणं म्हणजे काय, हे शिया घरात समजावून सांगावं लागत नाही.

एक विनंती. हे सगळं वाचून "इस्लामविरुद्ध इराणी जनता" असा निष्कर्ष कुणी काढू नये. त्या गर्दीत धर्म सोडलेले आहेत, तसे पाच वेळा नमाज पढणारेही आहेत.

घाटमाथा

लेख चांगला आहे, भावना पोचल्या. पण १९५३ विसरू नका. मोसाद्देघ हा लोकांनी निवडलेला पंतप्रधान. त्याने १९५१ मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, तर अमेरिका आणि ब्रिटनने कट करून त्याला घालवलं. २०१३ मध्ये सीआयएच्या खुल्या झालेल्या कागदपत्रांतच ती कबुली आहे. आजही बाहेरून पैसा जातो, उपग्रह वाहिन्या चालतात, निर्बंधांनी लोकांचं कंबरडं मोडलंय. २०१५ च्या अणुकराराच्या वेळी एका डॉलरला तीस-बत्तीस हजार रियाल पडत, २०२५ च्या मार्चमध्ये तो आकडा दहा लाखांवर गेला. पगार हातात येईपर्यंत त्याची किंमत उतरते. अशा देशात असंतोष पिकणारच, आणि तो पिकवणारे बाहेर बसलेत. मग जे दिसतं ते उत्स्फूर्त आहे असं कशावरून?

ताम्हण

@घाटमाथा, १९५३ बद्दल तुमचा शब्दन् शब्द मान्य. निर्बंधांचा मार सामान्यांना बसतो हेही खरंच. जून २०२५ च्या बारा दिवसांच्या युद्धात इस्रायलने २३ तारखेला एविन तुरुंगावर बॉम्ब टाकले, तेव्हा मेलेल्यांत कैदी होते, त्यांना भेटायला आलेले नातेवाईक होते. ज्या सरकारविरुद्ध ही माणसं आत गेली त्याच सरकारला नमवायला निघालेल्यांनी त्यांना मारलं. त्यामुळे बाहेरच्या शक्तींना इराणी माणसाचा कळवळा आहे असं मला कणभरही वाटत नाही.

पण म्हणून बर्फ लावून पोराचं प्रेत जपणाऱ्या आईला कुणाची तरी एजंट म्हणायचं? नोव्हेंबर २०१९ घ्या. एका रात्रीत पेट्रोल महाग झालं. महिन्याला साठ लिटरपर्यंत हजार तोमानचे (एक तोमान म्हणजे दहा रियाल) दीड हजार, त्यापुढच्या प्रत्येक लिटरला तीन हजार. शंभराहून जास्त गावांत लोक बाहेर पडले, सरकारने जवळजवळ आठवडाभर इंटरनेट तोडलं आणि अंधारात गोळ्या घातल्या. ॲम्नेस्टीने तीनशेहून जास्त मृतांची नोंद केली. मोटारसायकलवर माल पोचवणाऱ्या माणसाला पेट्रोल महाग झाल्याचं परदेशातून कळवावं लागतं का?

आणि इराणी लोक परकीय हातालाही ओळखतात. १८९० मध्ये शाहाने तंबाखूचा सगळा व्यापार एका इंग्रजाला देऊन टाकला, तेव्हा वर्षभरात धर्मगुरू, बाजारातले व्यापारी आणि सामान्य माणसं एकत्र आली. फतवा निघाला तसे हुक्के बंद झाले, खुद्द शाहाच्या जनानखान्यातले सुद्धा. जानेवारी १८९२ मध्ये करार रद्द करावा लागला. परकीय लूट आणि घरचा जुलूम या दोन्हींविरुद्ध लढायची तिथे जुनी सवय आहे. यातलं एकच दिसणं ही बाहेरून बघणाऱ्यांची अडचण आहे.

बर्लिनवासी

मी इथे नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे. २२ ऑक्टोबर २०२२ ला बर्लिनमध्ये जो मोठा मोर्चा झाला त्यात मी एका इराणी सहकारिणीबरोबर गेले होते. पोलिसांनी ८०,००० चा आकडा दिला होता. युरोपभरातून बसगाड्या करून माणसं आली होती.

आठवतात ते झेंडे. शाहाच्या काळातला सिंह-सूर्याचा जुना झेंडा घेतलेले, कुर्दी झेंडा घेतलेले, आणि झेंडाच नको म्हणणारे. शाहाच्या मुलाचं नाव घेणारा गट एका बाजूला आणि "अत्याचारी मुर्दाबाद, शाह असो वा रहबर" (रहबर म्हणजे इस्लामी राजवटीचा सर्वोच्च नेता) म्हणणारा दुसऱ्या बाजूला. माझ्या सहकारिणीचे काका शाहाच्या तुरुंगात होते आणि मामा खोमेनींच्या. तिला दोन्हींकडची घोषणाबाजी ऐकवत नव्हती. परदेशातले इराणी म्हणजे एक आवाज असं समजून आपले वर्तमानपत्रवाले कुणा एकाची मुलाखत घेतात, ते मला फार खटकतं. राजेशाहीवाले, गणराज्यवाले, डावे, कुर्द, मुजाहिदीन (मुजाहिदीन-ए-खल्क ही सरकारविरोधी संघटना), यांच्यातली भांडणं चाळीस-चाळीस वर्षांची आहेत आणि त्यांना कारणं आहेत.

दुसरं फोनचं. ती रोज आईशी बोलायची, पण राजकारण अजिबात नाही. "हवा कशी आहे?" विचारायचं. "गरम आहे" म्हणजे आज गल्लीत गडबड आहे. "पाऊस पडला" म्हणजे अश्रुधूर. इंस्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सप्टेंबर २०२२ मध्ये बंद केले होते, व्हॉट्सॲप सुटलं ते डिसेंबर २०२४ अखेर. मधल्या काळात आई शेजारच्या मुलाकडून व्हीपीएन टाकून घ्यायची, तो चार दिवस चालायचा, मग दुसरा. नेट गेलं की माझी सहकारीण ऑफिसात फोन टेबलावर उलटा ठेवायची, कारण दर मिनिटाला बघितलं तर काम होत नसे. बाहेरून बघणं म्हणजे तिच्यासाठी हे होतं.

वैनगंगा

केसांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जगभरच्या नट्यांनी कॅमेऱ्यासमोर बटा कापल्या, तेव्हा अनेकांना ती हिजाबविरोधी नवी कल्पना वाटली. ती शोकाची फार जुनी रीत आहे. शाहनाम्यात सियावश मारला जातो तेव्हा त्याची बायको फरंगीस केस कापून कमरेला बांधते. म्हणजे हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या काव्यात ती आहे, आणि लोर, कुर्द, बख्तियारी भागांत ती रीत अलीकडेपर्यंत जिवंत होती. केर्मानशाहमध्ये आई गोळीने गेलेल्या एका मुलीचा फोटो आहे. आईच्या कबरीपाशी डोकं भादरून ती ताठ उभी आहे, कापलेले केस डाव्या हातात. ती रडत नाहीये, सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय.

मी तो फोटो माझ्या आजीच्या पिढीतल्या एका बाईंना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या घरात केशवपन झालेली आत्या होती. आपल्याकडे डोकं भादरलं जायचं ते बाईला विचारून नव्हे. मुंबईच्या नाभिकांनी १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने सभा घेऊन ते काम नाकारलं, हा आपल्या इतिहासातला मोठा अभिमानाचा भाग आहे. इराणमध्ये आलटून पालटून दोन्ही जबरदस्त्या झाल्या. १९३६ मध्ये रझा शाहाने बुरखा-चादरीवर बंदी घातली, पोलीस रस्त्यात चादरी ओढायचे, कित्येक बायका घराबाहेर पडेनाशा झाल्या. मग १९७९ मध्ये उलट. खोमेनी आल्यावर महिन्याभरात, ८ मार्चला, हजारो बायका सक्तीच्या हिजाबविरुद्ध तेहरानच्या रस्त्यावर होत्या. त्यांतल्या पुष्कळ जणींनी शाहाविरुद्धही मोर्चे काढले होते. त्यांची मागणी कापडाची नव्हती, आमच्या डोक्याचं आम्हाला ठरवू द्या एवढीच होती.

पारिजात_एस

सगळे प्रतिसाद वाचले. दोन प्रश्न. एक, महसा कुर्द होती हे आपण सगळेच सांगतो, पण बाकीच्या समाजांचं काय? दोन, एवढं सगळं होऊन हाती काय लागलं?

डोंगरीकर

पहिल्याचं उत्तर मी देतो. सिस्तान-बलुचिस्तान प्रांत बघा, सुन्नी बलुच लोकांचा, देशातला सगळ्यांत गरीब. चाबहार बंदर तिथलंच, आपल्या सरकारने मे २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार केला ते. त्याच चाबहारमध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने १५ वर्षांच्या बलुच मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप झाला. ३० सप्टेंबर २०२२ च्या शुक्रवारी झाहेदानमध्ये नमाजानंतर लोक त्याचा जाब विचारायला पोलीस ठाण्यावर गेले. साठहून जास्त माणसं मारली गेली, त्यांत पोरं होती, नमाजाच्या मैदानावर असलेली माणसं होती. २०२२ च्या आंदोलनातला हा सगळ्यांत रक्तरंजित दिवस, आणि तो हिजाबमुळे नव्हता. त्यानंतर कित्येक महिने दर शुक्रवारी मक्की मशिदीतून मोर्चा निघत राहिला. तेहरानच्या मुली "झाहेदान, इराणचा डोळा आणि दिवा" अशी घोषणा देत होत्या. एका शिया बहुसंख्य देशात सुन्नी बलुचांसाठी असं म्हटलं जाणं ही लहान गोष्ट नाही.

ताम्हण

@पारिजात_एस, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही, पण टाळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाकडे ५५१ पर्यंत मृत्यूंची नोंद आहे, त्यांत ४९ बायका आणि ६८ मुलं. त्या बदल्यात कायदा एकही बदलला नाही. संसदेने २०२३ मध्ये उलट जास्त कडक हिजाब कायदा मंजूर केला.

तो अमलात मात्र आला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ऐनवेळी थांबवला गेला, कारण रस्त्यावर परत आग लागेल ही भीती होती. गाड्या जप्त करणं, मोबाईलवर दंडाचे मेसेज, कॅफेंना टाळं, हे चालूच राहिलं. तरी तेहरान, शिराझ, इस्फहानमध्ये डोक्यावर काही न घेता बायका बँकेत जातात, भाजी आणतात, मेट्रोत चढतात. २०२२ आधी हे नव्हतं. सरकारने दिलेलं नाही, बायकांनी घेतलंय, आणि मला ते खरं वाटतं. याला यश म्हणावं की नाही यावर माझं माझ्याशीच एकमत होत नाही, पण कुणी "काहीच झालं नाही" म्हटलं तर मी भांडेन.

दुसरी बाजू कियानच्या घरची. त्याच्या वाढदिवसाला, ११ जून २०२३ ला, कबरीकडे निघालेल्या आईच्या चुलतभावाला पोलिसांनी गोळी घातली, तो गेला. आणि ११ जून २०२५ ला, पुन्हा त्याच वाढदिवशी, मुजाहिद कुरकुरी नावाच्या माणसाला कियानचा खुनी ठरवून फाशी दिली. कियानचे आईवडील पहिल्यापासून सांगत होते की हा माणूस आमच्या मुलाचा खुनी नाही. ज्यांचं मूल गेलं तेच आरोपीसाठी विनवण्या करत होते, आणि न्याय केल्याचा दावा त्यांच्या नावाने झाला. तारीख योगायोगाने आली असेल असं मला वाटत नाही.

डोंगरीकर, तुम्ही १९८८ चा उल्लेख केलात ते बरं झालं. तेहरानच्या आग्नेयेला खावरान आहे, तिथे त्या फाशीच्या कैद्यांना सामुदायिक खड्ड्यांत पुरलं. दगड नाही, नाव नाही. बुलडोझर फिरवून झाला, तरी त्यांच्या आया वर्षानुवर्षं फुलं घेऊन जात राहिल्या, मार खाऊन परत येत राहिल्या. आता त्या आयांमधल्या बऱ्याच जणी हयात नाहीत, त्यांच्या मुली जातात. बेहेश्त-ए-झहरा या मोठ्या कब्रस्तानातला ४१ नंबरचा विभाग, जिथे ऐंशीच्या दशकात फाशी दिलेल्यांना पुरलं होतं, तो २०२५ मध्ये सपाट करून वाहनतळ केला गेला. चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर डांबर घालायला कुठलं सरकार पैसे खर्च करतं, याचा विचार करा.

खावरानच्या आयांबद्दल माझ्याकडे बरंच साहित्य जमलंय, इथे मावणार नाही. पुढच्या आठवड्यात वेगळा धागा काढते. बर्लिनवासी, तुमच्या सहकारिणीची हरकत नसेल तर तिच्या काका-मामांबद्दल तिथे लिहाल का? नाव-गाव अर्थातच नको.

बर्लिनवासी

विचारलं तिला. हो म्हणाली. मामांबद्दल लिहा म्हणाली, काकांबद्दल घरातच अजून कुणी मोकळं बोललेलं नाही.